आयएमओचा अग्निगोल नोंदणी फॉर्म: कोकण किनाऱ्यावरून भरताना

संध्याकाळी आकाशातून झगझगीत गोळा सरसरत गेला की कोकणात आधी व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतात आणि दुसऱ्या दिवशी ‘समुद्रात काहीतरी पडलं’ अशी बातमी येते. या दोन्हींतून अभ्यासकांच्या हाती काहीच लागत नाही. त्यांना लागतात चार गोष्टी: कुठून पाहिलं, किती वाजता, कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती उंचीवर. इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशनचा, म्हणजे आयएमओचा, ऑनलाइन फॉर्म नेमकं हेच विचारतो. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, मोबाइलवर भरता येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत संपतो. सामान्य माणसाने अग्निगोलाची नोंद करण्यासाठी याच्याइतकी चांगली सोय दुसरी नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र दिशा आणि उंचीच्या रकान्यांत आपल्याकडच्या माणसाची फसगत हमखास होते, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग त्यावरच आहे.

अग्निगोल कशाला म्हणायचं ते आधी. शुक्रापेक्षा, म्हणजे साधारण उणे ४ प्रतीपेक्षा तेजस्वी उल्का म्हणजे अग्निगोल. (प्रत हे तेजाचं माप, उणे आकडा जितका मोठा तितकं तेज जास्त.) साधी उल्का सेकंदाच्या आत विझते, अग्निगोल दोन ते पाच सेकंद दिसतो आणि संध्याकाळचा असेल तर कधी त्याहूनही जास्त. पृथ्वी आपल्या कक्षेत ज्या दिशेने धावते तिच्या मागच्या बाजूला आपण संध्याकाळी असतो, त्यामुळे तेव्हा दिसणारे दगड पृथ्वीला मागून गाठणारे असतात. वातावरणात शिरण्याचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असू शकतो. संध्याकाळचे बहुतेक खालच्या टोकाकडचे, म्हणून संथ आणि नीट पाहता येण्याजोगे. उत्तर गोलार्धात वसंतसंपाताच्या, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसाच्या, आगेमागे, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, संध्याकाळचे तेजस्वी अग्निगोल थोडे जास्त दिसतात. कोकणात तेव्हा आकाशही मोकळं असतं. ऑगस्टमधला ययाती उल्कावर्षाव आपल्याकडे ढगांत जातो, त्याची भरपाई नोव्हेंबरातल्या वृषभ राशीच्या संथ उल्का आणि १४ डिसेंबरच्या सुमाराचा मिथुन वर्षाव करतात.

फॉर्मची रचना अमेरिकन मिटिऑर सोसायटीच्या यंत्रणेवर उभी आहे आणि दोन्ही संस्थांच्या नोंदी एकाच साठ्यात जातात. सुरुवातीला ठिकाण, तारीख, वेळ. मग तुमचं तोंड कोणत्या दिशेला होतं, गोळा कुठे दिसायला लागला, कुठे विझला, डावीकडून उजवीकडे गेला की उलट, किती कलून. त्यानंतर कालावधी, तेज, रंग, आवाज, मागे राहिलेली रेघ, शेवटचा भडका, तुकडे. शेवटी शेरा आणि संपर्क. जवळपासच्या वेळेच्या आणि ठिकाणांच्या नोंदी जुळल्या की त्यांची एक घटना तयार होते, तिला क्रमांक मिळतो, आणि नोंदी पुरेशा असतील तर नकाशावर मार्ग काढला जातो. आपली नोंद कुणाच्या नोंदींशी जुळली हे तिथे उघड दिसतं. ही पारदर्शकता आम्हाला या सेवेत सर्वांत भावते.

ठिकाणाच्या रकान्यात नुसतं ‘रत्नागिरी’ लिहून पुढे जाऊ नका. तेवढ्यावर पिन शहराच्या मध्यावर बसते आणि तुम्ही असता आरे-वारेच्या वळणावर. नकाशा मोठा करून पिन नेमक्या जागी आणावी. वेळ मोबाइलच्या घड्याळाची, मिनिटापर्यंत, भारतीय प्रमाण वेळेने. सकाळ-संध्याकाळचा घोळ टाळा, कारण बारा तासांनी चुकलेली नोंद कुठल्याच घटनेत जुळत नाही. यादीत घटना जागतिक वेळेने दिसते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. संध्याकाळी ७:४५चा अग्निगोल तिथे १४:१५ला शोधायचा, आणि पहाटे ३चा आदल्या तारखेला २१:३०वर. हे ठाऊक नसल्यामुळे ‘माझी नोंद आलीच नाही’ अशी समजूत होते.

आता दिशा. दिगंश, म्हणजे दिशेचा अंशांतला आकडा, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजतात: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. किनाऱ्यावरचा माणूस दोन गोष्टी डोळे झाकून गृहीत धरतो, समुद्र म्हणजे पश्चिम आणि सूर्य बुडतो ती पश्चिम. दोन्ही चुकतात. जयगडच्या जेटीवर उभं राहिलात तर समोर शास्त्रीची खाडी आणि पलीकडे तवसाळ, म्हणजे तोंड उत्तरेकडे. खाडीच्या मुखाशी, बंदरात, आखाती वळणावर किनारा असा कुठेही फिरतो. सूर्याचं म्हणाल तर रत्नागिरीच्या अक्षांशावर तो डिसेंबरअखेर साधारण २४५ अंशांवर बुडतो आणि जूनअखेर २९५वर. ठीक २७०वर फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या संपातांच्या आसपास. डिसेंबरात ‘सूर्य गेला तिथेच’ म्हणून २७० लिहिलंत तर पंचवीस अंशांची चूक झाली. अग्निगोल दीडशे किलोमीटरवर असेल तर ती जमिनीवर सत्तर किलोमीटरच्या घरात जाते.

मोबाइलच्या होकायंत्रावरही आंधळा भरवसा नको. गाडीच्या बॉनेटजवळ, खिडकीच्या लोखंडी गजांशी, जेटीच्या साखळदंडांशी ते सहज वीस-तीस अंश फिरतं. फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवून घ्या आणि लोखंडापासून चार पावलं लांब जाऊन वाचन घ्या. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे अंशभराच्या आसपास आहे, तो सोडून दिला तरी चालतं. याहून खात्रीचा उपाय होकायंत्राशिवायचा आहे. पाहिलं त्याच जागी, त्याच पावलांवर उभं राहून गोळा कोणत्या वस्तूच्या वर दिसायला लागला आणि कोणत्या वस्तूमागे गेला ते ठरवा: विजेचा खांब, शेजारच्या कौलांचा आढा, एखाद्या माडाचा शेंडा, मोबाइलचा मनोरा. तिथून फोटो काढा. मग उपग्रह नकाशावर आपली जागा आणि ती वस्तू जोडणारी रेघ ओढली की दिगंश दोन-तीन अंशांत मिळतो. हे काम दुसऱ्या दिवशी उजेडात केलं तरी चालतं, फक्त जागा तीच हवी. अंगणातल्या माडाच्या बाबतीत तीन पावलं इकडेतिकडे झाली तरी दिशा पार बदलते, म्हणून लांबची वस्तू निवडावी.

उंचीचा रकाना ही या फॉर्मची सर्वांत कच्ची बाजू. तो अंश विचारतो, आणि क्षितिज ते डोक्यावरचा खमध्य हे नव्वद अंश माणसाच्या डोळ्याला समान वाटतच नाहीत. क्षितिजालगतचं आकाश आपल्याला ताणलेलं दिसतं. परिणामी तीस अंशांवरची वस्तू लोक सर्रास पंचेचाळीस म्हणून नोंदवतात आणि साठच्या वरची ‘अगदी डोक्यावर’. फॉर्मवर चित्र आहे, पण सराव नसेल तर ते पुरत नाही. हात पूर्ण ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, बोटं फाकवलेली वीत वीस-बावीस, करंगळीची रुंदी एक. समुद्राच्या क्षितिजावर पहिली मूठ टेकवा, तिच्यावर दुसरी रचा, असं मोजत जा. नवव्या मुठीला हात डोक्यावर यायला हवा. आला नाही तर तुमची मूठ लहान किंवा मोठी आहे आणि त्या प्रमाणात आकडा बदलावा लागेल.

मोजमाप बरोबर आहे का ते ध्रुवताऱ्यावर तपासता येतं. त्याची उंची आपल्या अक्षांशाइतकी असते: मालवणात १६ अंश, रत्नागिरीत १७, अलिबागेत साडेअठरा. म्हणजे उत्तर क्षितिजापासून दोन मुठींच्याही आत. उत्तरेला डोंगर किंवा बाग आडवी येत असेल तर दक्षिणेचा अगस्त्य तारा वापरा. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री ९च्या सुमारास तो दक्षिणेला बरोबर समोर येतो आणि रत्नागिरीतून वीस अंशांवर असतो. त्याच वेळी त्याच्या वर दिसणारा व्याध छप्पन्न अंशांवर. या दोघांवर मुठी मोजून पाहिल्या की पुढच्या वेळी अंदाज चुकणार नाही.

याची एवढी काळजी का करायची? अग्निगोल दीडशे किलोमीटर लांब असेल तर वीस अंशांची उंची म्हणजे तो जमिनीपासून सुमारे ५५ किलोमीटरवर होता, आणि तुम्ही पस्तीस लिहिलंत तर तो १०५ किलोमीटरवर जातो. पहिल्या आकड्यावरून अभ्यासक म्हणतील, बराच खाली आलाय, काही उरलं असेल का ते पाहू. दुसऱ्यावरून म्हणतील, वरच जळून गेला.

‘समुद्रात पडला’ या ठाम विधानाचा उलगडाही इथेच आहे. ८० किलोमीटर उंचीवरचा अग्निगोल तुम्हाला दहा अंशांवर दिसत असेल तर तो जवळपास ३९० किलोमीटर दूर असतो. अगदी ३० किलोमीटरपर्यंत खाली आलेला आणि पाच अंशांवर दिसणारासुद्धा पावणेतीनशे किलोमीटरवर. वाळूच्या दांड्यापलीकडे, लाटांच्या मागे, दीपस्तंभाजवळ पडल्याचा जो भास होतो तो एवढ्या अंतरामुळे आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे. शेऱ्यात ‘जवळच पडला’ असं लिहू नका, ‘क्षितिजाआड जाईपर्यंत दिसला’ किंवा ‘क्षितिजाच्या वर अमुक अंशांवर विझला’ असं लिहा. या दोन वाक्यांतला फरक फार मोलाचा आहे.

एक पूर्ण नमुना भरून पाहू. गणपतीपुळ्याला तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे आहात. गोळा नैर्ऋत्येला चार मुठींवर दिसायला लागला आणि वायव्येच्या थोडं अलीकडे दीड मुठीवर विझला. तोंडाची दिशा २७०, सुरुवात दिगंश २२५ उंची ४०, शेवट दिगंश ३०० उंची १५, हालचाल डावीकडून उजवीकडे आणि खाली. पश्चिमेकडे तोंड असताना डावा हात दक्षिणेला असतो, हे एकदा ताडून घ्या. दिगंश आणि डावे-उजवे एकमेकांशी न जुळणाऱ्या नोंदी पुष्कळ येतात आणि मार्ग काढताना त्या बाजूला ठेवाव्या लागतात. सुरुवातीचा क्षण सहसा निसटलेला असतो, कारण उजेड पडल्यावर आपण मान वळवतो. तसं असेल तर शेऱ्यात सांगा. शेवटचा बिंदू जास्त खात्रीचा असतो आणि जास्त उपयोगाचाही.

कालावधी आठवणीत फुगतो. डोळे मिटून तो प्रवास मनात पुन्हा चालू द्या, स्टॉपवॉचवर मोजा, तीनदा करा आणि सरासरी लिहा. ‘दहा-पंधरा सेकंद’ वाटलेलं बहुतेक वेळा चारवर येतं.

तेजासाठी तुलना ओळखीच्या गोष्टींशी करावी. गुरू उणे २ ते ३च्या दरम्यान, शुक्र उणे ४च्या आसपास, अष्टमीचा चंद्र उणे १०, पौर्णिमेचा उणे १२.७. अंगणात माडांच्या सावल्या सरकताना स्पष्ट दिसल्या असतील तर अष्टमीच्या चंद्राच्या जवळपासचं तेज धरायला हरकत नाही. समुद्राच्या क्षितिजावर दमट हवेचा जाड थर असतो आणि तो बराच उजेड खातो. तरी स्वतःच्या मनाने आकडा वाढवू नका, दिसलं तेवढंच लिहा, ती दुरुस्ती पुढे केली जाते. रंगाचा रकाना भरावा, पण त्यावर डोकं खपवू नये.

आवाजाचे दोन रकाने आहेत आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. एक दिसतानाच ऐकू आलेल्या सळसळीसाठी, दुसरा नंतर आलेल्या गडगडाटासाठी. ध्वनीला एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात. चाळीस किलोमीटर उंचीवर फुटलेल्या अग्निगोलाचा आवाज, तो अगदी डोक्यावर असला तरी, दोन मिनिटांनी येणार. म्हणून दिसल्यावर लगेच गलका न करता पाच मिनिटं शांत थांबावं आणि घड्याळ बघावं. खिडकीच्या काचेपासून लांब राहावं, हेही तितकंच महत्त्वाचं. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियात चेल्याबिन्स्कला उजेड पाहून लोक खिडक्यांशी गेले आणि मागून आलेल्या धक्कालहरीने काचा फुटून शेकडो जण जखमी झाले. आपल्याकडे काळ्या दगडाच्या खाणीतले सुरुंग आणि लग्नातले फटाके यांचा आवाजही त्याच सुमाराला येऊ शकतो, तेव्हा आवाजाची नेमकी वेळ लिहिल्याशिवाय या रकान्याला अर्थ नाही.

मागे धुराची रेघ राहिली तर तोच खरा ठेवा. सूर्यास्तानंतर अर्धा तास उंचावरच्या धुळीवर ऊन असतं, त्यामुळे संध्याकाळच्या अग्निगोलाची रेघ काही मिनिटं चमकत राहू शकते. फोन टेकवून दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो घ्या आणि चौकटीत क्षितिज किंवा झाडाचा शेंडा येऊ द्या. नुसत्या आकाशाचा फोटो मोजायला निरुपयोगी.

फॉर्म भरण्याआधी तो खरंच अग्निगोल होता का, हेही बघायला हवं. सूर्यास्तानंतर पश्चिमेला तांबूस शेपटी असलेलं काहीतरी संथपणे खाली उतरताना दिसतं ते बहुधा आखाताच्या मार्गावरच्या विमानामागची उन्हात उजळलेली वाफेची रेघ. चार-पाच सावकाश फोटो काढण्याइतका वेळ मिळाला असेल तर ती उल्का नव्हे. नाताळ-नववर्षाच्या दिवसांत किनाऱ्यावरून सोडलेले आकाशकंदील, चिपी-मोपाकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे, संकटात बोटीवरून सोडलेला लाल फ्लेअर, हेही याच गटातले. फ्लेअरची शंका असेल तर फॉर्म बाजूला ठेवा आणि आधी सागरी पोलिसांना कळवा.

अंतराळातला कचरा हे वेगळं प्रकरण. २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात लाखो लोकांनी जळत्या तुकड्यांची माळ पाहिली. ‘उल्कापात’ म्हणून व्हिडिओ फिरले, ते अवशेष चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या टप्प्याचे होते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं आणि गोळे सापडले. अशी वस्तू सेकंदाला आठेक किलोमीटरने, जमिनीला जवळपास समांतर जाते, अर्धा-एक मिनिट दिसत राहते आणि तिचे पुष्कळ तुकडे एकामागोमाग चालतात. असं दिसलं तरी फॉर्म भरा, कालावधी खरा लिहा, तुकड्यांचं वर्णन द्या. घटना तपासणारे ती वेगळी काढतात.

सेवेचा मोठा तोटा तंत्राचा नाही, आपल्या बाजूचा आहे. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतातून नोंदी फारच कमी जातात, आणि एकट्या नोंदीवरून मार्ग निघत नाही. कोकणाची अडचण त्याहून खास. अरबी समुद्रावर अग्निगोल गेला तर पाहणारे सगळे एकाच बाजूला, किनाऱ्याच्या एका ओळीत असतात. एकाच गावातल्या पन्नास जणांच्या नोंदीपेक्षा अलिबाग, रत्नागिरी आणि मालवण अशा तीन ठिकाणच्या तीन नोंदी जास्त कामाच्या. अलिबाग ते मालवण सरळ रेषेत २९० किलोमीटरच्या आसपास आहे, तेवढ्या पायावर अग्निगोलाची जागा शोधणारा त्रिकोण छान बसतो. नातेवाइकांना मेसेज पाठवायचाच असेल तर व्हिडिओऐवजी फॉर्मची लिंक पाठवा, आणि घाटावर कोल्हापूर-साताऱ्याकडे जरूर. एकमेकांची उत्तरं जुळवून मात्र भरू नका.

समुद्रावरच्या बोटीवरची नोंद तर सोन्यासारखी, कारण पश्चिमेच्या बाजूने पाहणारं दुसरं कुणी नसतं. बोट चालवणाऱ्या तांडेलाकडे जीपीएस असतंच. पाहिल्या क्षणी बटण दाबून ती जागा साठवावी, बोटीचं तोंड किती अंशांवर होतं ते टिपावं आणि गोळा नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, किती डाव्या-उजव्या बाजूला गेला ते लक्षात ठेवावं. बंदरात आल्यावर नेटवर्क मिळालं की नकाशावरची पिन ओढून समुद्रात त्या अक्षांश-रेखांशांवर न्यायची. एक-दोन दिवसांनी भरली तरी नोंद चालते. पत्ता विचारणारा हा फॉर्म जमिनीवरच्या माणसासाठी घडवलेला आहे आणि खलाशाला तो थोडा अडखळवतो, ही आमची तक्रार आहे. घरच्या कुणीतरी शेजारी बसून भरून दिला तर काम सोपं होतं.

खाजगीपणाबद्दल थोडक्यात: यादीत नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिसतं, ईमेल उघड होत नाही. अनुभवाची पातळी विचारतात तिथे खरी लिहावी. नवख्याची प्रामाणिक नोंद वाया जात नाही.

काही खाली पडलं असेलच, तर ते विझल्यावर. अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोचणारा उल्केचा दगड, शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर अंधारात, नुसता वजनाने पडतो. जमिनीवर आग लागलेली दिसली तर कारण दुसरं शोधा. १७ ऑगस्ट २०२२ला गुजरातेत बनासकांठ्यातल्या दियोदरजवळ अशनी पडला तेव्हा तो गावकऱ्यांनी लगेच उचलून ठेवला म्हणून अभ्यासकांच्या हाती आला. कोकणात मात्र सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काळा दगड दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. जांभ्याचा वरचा थर काळपट आणि लोहयुक्त असतो, पण त्याला भोकं असतात. अशनीला सहसा नसतात, त्यावर पातळ, मंद काळी साल असते आणि आकाराच्या मानाने तो जड लागतो. लोहचुंबकाची कसोटी इथे फसवी आहे, कारण आपला काळा बेसॉल्टही थोडा चुंबकाला ओढतो. शिवाय चुंबक लावल्याने खऱ्या अशनीतल्या चुंबकत्वाचा पुरावाच पुसला जातो. शंका असलेला दगड धुवायचा नाही, फोडायचा नाही. पडल्या जागेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, दगड स्वच्छ कोरड्या पिशवीत ठेवा आणि तहसीलदारांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशातल्या अशनींचा ताबा त्यांच्याकडे असतो.

फॉर्मला व्हिडिओ आणि फोटो जोडता येतात, त्यासाठी सीसीटीव्हीची घाई करा. हॉटेलं, होम स्टे, पेट्रोल पंप, जेट्या सगळीकडे कॅमेरे आहेत, पण चित्रण साठवणारा डीव्हीआर आठवड्या-पंधरवड्यात जुनं पुसून वर नवं लिहितो. कॅमेऱ्यात आकाश नसलं तरी अंगणातल्या खांबाची सरकती सावली पुरते, तीवरून वेळ, कालावधी आणि तेजाचा चढउतार निघतो. स्क्रीनवरून मोबाइलने शूट केलेली क्लिप नको, पेन ड्राइव्हवर मूळ फाइल घ्या. त्याच वेळी डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एका फोटोत पकडा. ही घड्याळं कित्येकदा काही मिनिटं पुढे-मागे असतात. तो फरक सेकंदांत मोजून शेऱ्यात लिहा, आणि कॅमेरा जागचा हलवू नका, कारण मोजणी करायला त्याच चौकटीतले रात्रीचे तारे किंवा दिवसाचे खांब पुन्हा लागतात.